धिंगरीचे (ऑयस्टर मशरूमचे) बेड परत परत हिरवे पडतायत? आधी कुठून हिरवे झालेत ते बघा

निफाड, दिंडोरी, सिन्नर, घोटी, फोन कुठूनही येवो, पहिलं वाक्य ठरलेलं असतं. भाऊ, स्पॉन खराब आलं, सगळे बेड हिरवे पडले. स्पॉन म्हणजे दाण्यांवर वाढवलेलं अळिंबीचं (मशरूमचं) बियाणं, आणि बेड म्हणजे काड आणि स्पॉन भरलेली पिशवी. आणि जाऊन बघावं तर बहुतेक वेळा स्पॉनचा काडीचाही दोष नसतो. काडात पाणी जास्त असतं, नाहीतर काड नीट तापलेलं नसतं, नाहीतर बुरशी आपल्याच हातांनी शेडमध्ये आणलेली असते. पण लोक तपासायला सुरुवात करतात उलट्या बाजूने, आधी स्पॉनवाल्याशी भांडण, मग दुसरीकडचं स्पॉन, मग फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारं यंत्र), मग कुणीतरी सांगतं म्हणून एसी, आणि काड मुठीत दाबून बघायचं राहूनच जातं ज्याला एक रुपया लागत नाही. म्हणून इथे फुकटापासून सुरू करून महागाकडे जातोय, त्याच क्रमाने जा, मधलं गाळू नका. हे सगळं धिंगरीचं आहे, बटन मशरूमचं कंपोस्ट म्हणजे वेगळंच प्रकरण, त्याला हे जसंच्या तसं लावू नका.

लक्षणं काय दिसतात

हिरवी बुरशी म्हणजे बहुतेक वेळा ट्रायकोडर्मा. ही सुरुवातीला हिरवी नसतेच, पांढरी असते, आणि इथेच सगळे फसतात. बेड भरून पाच-सहा दिवस झाले, आत पांढरं पसरतंय, माणूस खूश, आणि पुढच्या दोन-चार दिवसांत त्याच पांढऱ्याच्या मधोमध हिरवा डाग. फरक ओळखायला शिका. धिंगरीची वाढ दाट, दोऱ्यासारखी, चमकदार पांढरी असते आणि काडाला घट्ट धरून पुढे सरकते. ट्रायकोडर्माची पांढरी वाढ विरळ, पिंजलेल्या कापसासारखी असते आणि फार झपाट्याने पसरते. वासही घ्या, पण पिशवीच्या बाहेरून, तोंड उघडून नाक खुपसू नका. चांगल्या बेडला ताज्या अळिंबीचा वास येतो, खराब बेडला कोंदट, मातकट, आणि ट्रायकोडर्माच्या काही जातींचा तर चक्क खोबऱ्यासारखा.

याच्याशी गल्लत होणाऱ्या गोष्टी पण सांगून ठेवतो. काड काळपट, चिकट आणि आंबट वास, तर ते बॅक्टेरियाचं काम, पाणी जास्त झालंय. बारीक लांब देठाच्या छत्र्या ज्या दिवसभरात वितळून काळी शाई होतात, ती कोप्रिनस, काडात शेण-मूत किंवा युरियाचा अंश असला किंवा काड कमी तापलं तर येते. नारिंगी-गुलाबी भुकटी दिसली तर मात्र हातातलं काम टाकून ती पिशवी आधी बाहेर न्या, ती बुरशी फार वेगाने पसरते.

आणि एक, तिसऱ्या तोडीनंतर बेड हिरवा पडायला लागला तर तो आजार धरू नका. बेडमधला दम संपलाय, त्याला रजा द्या. दोन किलो जास्तीच्या आशेने म्हातारे बेड लटकवून ठेवतात आणि शेजारी नवीन बॅच लावतात, मग नवीन बॅच हिरवी पडली की परत मला फोन.

पहिली तपासणी, फुकट: हिरवं कुठून सुरू झालं

माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची तपासणी हीच आणि हीच कुणी करत नाही. हिरवा बेड दिसला की लगेच उचलून फेकतात. थांबा, आधी फिरवून बघा, मोबाईलवर फोटो काढा.

हिरवं फक्त तळाला असेल तर पाणी साचलंय. काड भरताना ओलं होतं, निथळलं नाही, पाणी खाली उतरलं, तिथली हवा संपली, धिंगरीची वाढ अडली आणि रिकामी जागा दुसऱ्याने घेतली. थराथरात, नेमकं स्पॉनच्या दाण्यांभोवती हिरवं असेल तर मग स्पॉनवर किंवा ते कुस्करणाऱ्या हातांवर संशय घ्या. अख्ख्या बेडवर, दाण्यांपासून लांबसुद्धा, ठिकठिकाणी ठिपके असतील तर काडातल्या बुरशीचे बीजाणू जिवंत राहिलेत, म्हणजे निर्जंतुकीकरण फसलंय. आणि फक्त भोकांच्या किंवा तोंडाच्या दोरीच्या आजूबाजूला असेल तर ते बाहेरून आलंय, माशी, धूळ, शेडची हवा.

मग बेड कोणते ते बघा. एकाच दिवशी भरलेले सगळे हिरवे आणि आदल्या दिवशीचे ठणठणीत, तर दोष त्या दिवशीच्या काडात किंवा भरण्यात. वेगवेगळ्या दिवशीचे पण एकाच कोपऱ्यातले, तर दोष त्या कोपऱ्यात, पत्रा तापत असेल, हवा कोंडत असेल, शेजारी गोठ्याची खिडकी असेल. हे कळायला प्रत्येक पिशवीवर मार्करने भरल्याची तारीख, काडाचा लॉट आणि स्पॉनचा लॉट लिहिलेला पाहिजे. लिहिलेला नसेल तर आजपासून लिहा, नाहीतर पुढचं सगळं अंदाजपंचे.

दुसरी, तीही फुकट: मूठ दाबा

भरायच्या आधी काड मुठीत घेऊन जोरात दाबा. तळहात ओला व्हायला पाहिजे, बोटांच्या फटीत फार तर एखादा थेंब दिसावा. धार लागली, टपटप गळलं, तर भरू नका, चला पटकन उरकून टाकू म्हणून तर अजिबातच नाही. जाळीवर किंवा तिरक्या ठेवलेल्या पत्र्यावर अजून पसरा, स्वच्छ जागी, सावलीत.

मुठीवर विश्वास नसेल तर वजन करा. निथळलेलं काड १०० ग्रॅम घ्या, कडक उन्हात किंवा तव्यावर मंद आचेवर पूर्ण कोरडं करा, वजन उतरायचं थांबेपर्यंत, करपू देऊ नका. ३५ ग्रॅमच्या आसपास उरलं तर ओलावा ६५ टक्के, बरोबर आहे. २५ ग्रॅमच उरलं तर ७५ टक्के, म्हणजे बेडच्या तळाला तळं होणार. सोयाबीनचं कुटार गव्हाच्या काडापेक्षा बारीक असतं आणि दबून बसतं, त्यामुळे निथळायला जास्त वेळ घेतं. गव्हाच्या काडाच्या सवयीने कुटार भरलं की हमखास तळ हिरवा. घोटी-इगतपुरीकडचा भाताचा पेंढा वापरत असाल तर त्याचे ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे करा, लांब ठेवला तर मधे पोकळ्या राहतात आणि बेड घट्ट भरत नाही.

तिसरी: काड मुळात कुठलं

मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी झाला, शेतात पडलेलं काड भिजलं, मग वाळलं आणि नंतर स्वस्तात मिळालं म्हणून आणलं, असं काड बघून लगेच कळतं. सोनेरी चमक नसते, राखाडी-काळपट असतं, झटकलं की धूर निघाल्यासारखी भुकटी उडते. ती भुकटी म्हणजे नुसते बीजाणू. इतका भार असला की नेहमीचं गरम पाणीही त्याला पुरं पडत नाही. गव्हाचं काड तर निफाड पट्ट्यात भरपूर मिळतं, त्यात काटकसर करायचं कारण नाही. त्या हंगामातलं, पावसात न भिजलेलं, ताडपत्रीखाली आणि जमिनीपासून वर ठेवलेलंच घ्या. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरी बाजूला नुसत्या दमट हवेनेसुद्धा गंजीतलं काड धरतं, तिकडच्या लोकांनी जूनच्या आधीच पुरेसं काड खोलीत घेऊन ठेवावं.

चौथी: द्राक्षवाल्यांनो, हे तुमच्यासाठी

हे नाशिकचं खास दुखणं आहे, म्हणून जरा लांबण लावतो. आपल्याकडे बागेत, कांद्याला, टोमॅटोला ट्रायकोडर्मा सोडायची चांगली सवय लागलीये, मुळकुजीला, मरीला त्याचा उपयोग होतो. पण तो उपयोग होतो कशामुळे? तर ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीच्या धाग्यांना वेढा घालतो आणि तिची भिंत विरघळवून तिला खातो. आता धिंगरी काय आहे? तीही बुरशीच. बागेतल्या रोगाची बुरशी वेगळी आणि विकायची बुरशी वेगळी, हा भेद त्याला कळत नाही.

आता घरात काय चालतं बघा. निळा २०० लिटरचा ड्रम, त्यात गूळ घालून ट्रायकोडर्मा वाढवला, ड्रिपने बागेला सोडला, ड्रम दोन तांबे पाण्याने खंगाळला आणि आठवड्याने त्यातच काड भिजत घातलं. ड्रमच्या कडेला, झाकणाच्या आट्यांमध्ये हिरवट थर असतो, हात लावून बघा. किंवा सकाळी बागेत आळवणी करून आलेला माणूस त्याच कपड्यांवर दुपारी बेड भरायला बसतो. किंवा शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून केलेला ढीग शेडच्या दारात. किंवा त्याच पाठीवरच्या पंपाने शेडमध्ये पाण्याचे फवारे. एका ठिकाणी तर ट्रायकोडर्माची पाकिटं स्पॉनच्या शेजारी फ्रीजमध्ये होती, गार राहावं म्हणून.

उपाय साधा आहे. अळिंबीचा ड्रम वेगळा, पंप वेगळा, बादली वेगळी, त्यावर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरात लिहा. भरणाऱ्या माणसाने त्या दिवशी बागेत जायचं नाही, जावं लागलंच तर आंघोळ करून कपडे बदलून यायचं. खताचा ढीग वाऱ्याच्या खालच्या बाजूला, लांब. बऱ्याच जणांची हिरवी बुरशी एवढ्यावरच थांबते, पुढचं काही करावंच लागत नाही.

पाचवी: पाणी खरंच तेवढं तापतं का

आता थोडा खर्च. लांब दांडीचा थर्मामीटर घ्या. गरम पाण्याच्या पद्धतीत काडाचं पोतं ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १ तास बुडालेलं पाहिजे. लोक पाणी उकळतात, त्यात गार ओलं पोतं टाकतात आणि तिथून तास मोजतात. पोतं पडल्याबरोबर पाणी झपकन खाली येतं, ६० वरसुद्धा, आणि पोत्याच्या पोटात तर त्याहून कमी. तास मोजायचा तो पोत्याच्या मधोमध खुपसलेल्या थर्मामीटरने ८० दाखवल्यापासून. पोतं दाबून गच्च भरू नका, वर दगड ठेवा म्हणजे तरंगणार नाही, तरंगणारा भाग कच्चाच राहतो आणि त्याच्यापासूनच डाग सुरू होतात.

औषधाच्या पद्धतीत १०० लिटर पाण्याला साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मेलिन, त्यात साधारण १० किलो कोरडं काड १६ ते १८ तास झाकून, हे प्रमाण बरीच वर्षं चालत आलंय. हिरवं आलं की लोक प्रमाण दुप्पट करतात, ते करू नका. हे खायचं पीक आहे. शिवाय फॉर्मेलिनची वाफ डोळ्याला-घशाला झोंबते आणि ते कर्करोगाला कारण ठरणाऱ्या रसायनांत मोडतं. मला विचाराल तर घरात लहान पोरं असतील, शेड घराला लागून असेल तर ही पद्धत सोडाच, गरम पाणी बरं. वापरलेलं पाणी विहिरीकडे किंवा नाल्यात सोडू नका.

चुन्याच्या पाण्याने करणारे, तुमचा चुना ताजा आहे का बघा. चुन्याचं पोतं उघडं राहिलं की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मरतो, दिसायला तसाच पांढरा, पण जोर शून्य. पीएचची पट्टी बुडवा, १२ च्या आसपास यायला पाहिजे. नऊ-दहा आलं तर ते नुसतं भिजवणं झालं.

सहावी: भरण्याची खोली

काड गार होत असताना ते सगळ्यात उघडं असतं. लवकर गार व्हावं म्हणून पंखा लावतात, म्हणजे अंगणातली सगळी धूळ त्याच्यावर. पंखा बंद, खिडक्या बंद, फरशी आदल्या दिवशी धुतलेली, हाताला आणि टेबलाला स्पिरिट. नवीन काड आणि जुने हिरवे बेड एकाच दिवशी हाताळायचे नाहीत. हाताळायचेच असतील तर आधी नवीन भरून घ्या आणि मग जुन्याकडे जा.

हिरवा बेड काढताना तो शेडमध्ये फाडू नका, हिरवी भुकटी म्हणजे लाखो बीजाणू, एक झटका आणि सगळ्या खोलीला वाटप. वरून दुसरी पिशवी घाला, तोंड बांधा, तशीच उचलून लांब नेऊन पुरा. निरोगी संपलेले बेड गांडूळखताला, बागेला उत्तम, ते वाया घालवू नका, पण हिरवे बेड त्या ढिगात नकोत. काढणी करताना अळिंबी पिळून मुळासकट काढा, चाकूने कापून बुडखे ठेवले की ते सडतात, माशी येते आणि पुढचं तुम्हाला माहितीये.

सातवी: आता स्पॉनवर या

स्पॉनवाल्याला फोन करण्याआधी एक टेस्ट करा. त्याच काडाच्या दोन छोट्या पिशव्या भरा, एकीत स्पॉन, दुसरीत काहीच नाही, दोन्ही शेजारी टांगा. बिनस्पॉनची हिरवी पडली तर दोष काडात किंवा भरण्यात. ती स्वच्छ राहिली आणि स्पॉनची दाण्यांपासून हिरवी पडली तर मग स्पॉनवाल्याशी बोला, तारखेचे फोटो हातात घेऊन, आवाज न चढवता.

स्पॉन बघून पण कळतं. दाणे पांढऱ्या रेशमी वाढीने एकमेकांना बांधलेले पाहिजेत. हिरवा-काळा ठिपका, आंबट वास, तळाला पिवळं पाणी असेल तर ती पिशवी वापरू नका, खराब भाग काढून बाकीचं वापरू असला विचारही नको. आणि प्रवासाचं बघा. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या टपावर किंवा डिकीत तापत आलेलं स्पॉन बाहेरून पांढरं दिसतं पण आतून दमलेलं असतं, त्याची वाढ हळू होते. रात्रीच्या गाडीने मागवा, आल्याआल्या फ्रीजमध्ये, आणि शक्यतो महिन्याच्या आत संपवा. ओल्या काडाच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्पॉन घाला, म्हणजे १० किलो ओल्या काडाला २०० ते ३०० ग्रॅम. इथे कंजूषी केली की बेड भरायला उशीर, आणि जेवढा उशीर तेवढी बुरशीला संधी.

आठवी, खर्चाची: तापमान आणि शेड

वाढीच्या काळात खोलीत २० ते २५ अंश चांगलं. पण थर्मामीटर भिंतीवर नको, दोन बेडच्या मधे ठेवा. बेड स्वतः उष्णता सोडतो, त्यामुळे भिंतीवर २६ असताना आत ३० च्या वर असू शकतं आणि ट्रायकोडर्माला ती ऊब फार मानवते. बेड एकमेकांना चिकटवू नका. उलट डिसेंबर-जानेवारीत निफाडला रात्रीचा पारा एक आकड्यात उतरतो, तेव्हा धिंगरीची वाढ रेंगाळते आणि बेड जास्त दिवस उघडा राहतो. अशा वेळी गोणपाटाचे पडदे, स्पॉन थोडं जास्त. शेडनेट, डबल पत्रा, फॉगर, कूलर हे सगळं इथून पुढे, वरच्या सात गोष्टी झाल्याशिवाय यावर एक पैसा घालू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

हे सगळं करूनही लागोपाठ दोन बॅचमध्ये चौथा हिस्सा बेड हिरवे पडत असतील तर तिसरी बॅच भरू नका. शेड पूर्ण रिकामं करा, धुवा, वाळू द्या आणि नमुना तपासायला द्या. आपल्याकडे मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प आहे, आणि त्याही वर हिमाचलात सोलनला अळिंबी संशोधन संचालनालय. कुठली बुरशी आहे, कुठून येतेय, हे डोळ्यांनी ठरवायची एक हद्द असते.

वाफेवर जायचं ठरवलं तर ड्रमला झाकण वेल्ड करून घरगुती बॉयलर बनवू नका, कोंडलेली वाफ ड्रम फाडते. सेफ्टी व्हॉल्व्ह बसवणाऱ्या जाणत्या फॅब्रिकेटरकडूनच करून घ्या. दमट शेडमधलं वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंग आणि ईएलसीबीसकट (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच), ओल्या हाताने फॉगरचा प्लग काढायची वेळच येऊ नये.

आणि शेडमध्ये गेल्यावर खोकला, धाप, काम केल्याच्या रात्री ताप-अंगदुखी असं परत परत होत असेल तर घरगुती काढे पुरे करा, शेडमध्ये जाणं थांबवा आणि छातीच्या डॉक्टरकडे जा. अळिंबीचे बीजाणू काहींच्या फुप्फुसाला सोसत नाहीत. डॉक्टरांना आपण अळिंबी करतो हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. बाकीच्यांनीही काढणीच्या वेळी मास्क लावाच, आणि अळिंबी छत्री पूर्ण उलगडायच्या आत काढा, म्हणजे बीजाणू कमी उडतात.

नमुना न्यायचा तर फक्त हिरवा बेड नेऊ नका. बंद पिशवीत हिरवा तुकडा, वेगळ्या पिशवीत त्याच लॉटचं न वापरलेलं कोरडं काड, तिसरीत उरलेलं स्पॉन, आणि एका कागदावर भरल्याची तारीख, पाणी किती तापवलं, हिरवं कितव्या दिवशी कुठे दिसलं. पहिल्याच दिवशी काढलेला फोटो पण सोबत ठेवा, तपासणारा सगळ्यात आधी तोच मागतो.